गोड हवा

आग विझली की काम संपलं, असं आग कधी न विझवलेल्या माणसालाच वाटतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. जळके ढीग उपसायचे, गठ्ठे उलटेपालटे करायचे, पोटात दबा धरून बसलेला निखारा शोधून त्याच्यावर पाणी मारायचं. हे तासन्‌तास चालतं आणि पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा असते जेमतेम अर्ध्या तासाची. मग मास्क काढायचा कधी? कासारगीच्या अग्निशमन केंद्रात या प्रश्नाला पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर होतं. पथकात जो सगळ्यांत जुना, त्याने हनुवटीपाशी मास्क बोटभर उचलायचा, एक श्वास घ्यायचा आणि एक शब्द बोलायचा. तो ‘गोड’ म्हणाला की सगळ्यांनी मास्क काढायचे. ‘कडू’ म्हणाला की निमूट बाहेर यायचं. साहेब कितीही मोठा असो, या शब्दावर त्याने शब्द टाकायचा नाही.

औदुंबर सलगर हे या शब्दाचे शेवटचे मानकरी. सगळं गाव त्यांना बापू म्हणायचं. बंब गल्लीत वळायच्या आधीच बापू सांगायचे, “सूत नाही, रबर जळतंय,” आणि तसंच निघायचं. एकदा कुणाच्या तरी लग्नात जेवता जेवता त्यांनी भिंतीतली वायर तापल्याचं ओळखलं आणि पान अर्धं टाकून मेन स्विच बंद करायला उठले. खरंखोटं देव जाणे, पण त्या पंगतीला बसलेली माणसं अजून शपथेवर सांगतात. बापूंच्या बायकोला, मंदाबाईंना, या कौतुकाचा भारी कंटाळा. “घरात दूध उतू गेलेलं तेवढं कळत नाही या नाकाला,” असं त्या चारचौघांत म्हणायच्या. मुलगी झाली तेव्हा बापूंनी तिचं नाव कस्तुरी ठेवलं. नाकाचा माणूस, दुसरं काय ठेवणार.

गाव चादरींचं. पूर्वी मागावर कापूस असायचा. मग स्वस्त, मऊ ब्लँकेटांचा जमाना आला आणि कापसाच्या जागी अॅक्रिलिकचा धागा आला. हा प्लास्टिकचाच भाऊ. मालाबरोबर धूरही बदलला. आगीवरून परतल्यावर पोरांची डोकी ठणकायची, कुणाला मळमळायचं, कुणाचे पाय लटपटायचे. “आगीचा प्रसाद आहे,” म्हणत सगळे लिंबू-सरबत प्यायचे आणि आडवे व्हायचे.

लतीफ मुलाणी हा बापूंचा जोडीदार. दोघं एकाच दिवशी भरती झालेले, जन्मभर एकाच पाइपावर उभे राहिलेले. एका ब्लँकेट कारखान्याची आग विझल्यावर बापूंनी मास्क उचलला, श्वास घेतला आणि म्हणाले, “गोड.” लतीफने मास्क काढला आणि ढिगात सगळ्यांत खोल तोच शिरला, कारण त्याला लवकर आटपून घरी जायचं होतं. संध्याकाळी केंद्राच्या पायरीवर बूट काढायला बसला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. बापूंनी जनाज्याला खांदा दिला. कस्तुरी तेव्हा शाळेत होती. लतीफकाका तिला बंबावर बसवून गावभर फिरवायचा. ती कितीतरी दिवस धड जेवली नाही.

त्यानंतर काही वर्षांनी पुण्याहून डॉ. चारुता देवस्थळी नावाच्या बाई आल्या. आगीत पोळून मरणाऱ्या जवानांपेक्षा धुराने मरणारे जास्त असतात आणि ते पुष्कळदा आगीनंतर, घरी जाऊन मरतात, म्हणून कुणी मोजत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. केंद्रातल्या बाकावर बसून त्यांनी पोरांना समजावलं. धूर म्हणजे एक गोष्ट नव्हे, ती शेकडो वायूंची जत्रा असते. त्यात मुख्य मारेकरी दोन. कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. सायनाइड त्याच्याही पुढचा. प्राणवायू पेशीच्या दारापर्यंत पोचतो, पण पेशीला तो वापरताच येत नाही. समोर ताट वाढलेलं आणि तोंड शिवलेलं, तशी गत. अॅक्रिलिक, लोकर, गादीतला फोम, ज्यात ज्यात नायट्रोजन आहे ते जळलं की सायनाइड निघतो. नुसत्या कापसातून निघत नाही.

बाईंनी छातीवर लावायची काडेपेटीएवढी पेटी आणली होती. तिच्यात एकेक वायू ओळखणारा एकेक सेल. हवा बरी असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल, आणि तोच दिवा बाहेर उभ्या असलेल्या साहेबाच्या पडद्यावर. पण धुराच्या गर्दीत हे सेल गोंधळायचे. त्यातही सायनाइडचा सेल फार तापट. ओलावा लागला तरी बोंब मारायचा, आंबट धूर लागला तरी बोंब मारायचा. सारखा लाल दिवा बघून पोरं वैतागली आणि पेट्या खिशात कोंबायला लागली. सारखं ‘लांडगा आला’ म्हणणाऱ्याचं कोण ऐकतं?

तेव्हा बाईंनी ठरवलं, की सेल खरं कधी बोलतो आणि खोटं कधी, हे यंत्राला शिकवायचं. शिकवायला गुरू पाहिजे. आणि कासारगीत बापूंसारखा गुरू असताना बाहेर कशाला जायचं? बापूंच्या मास्कमध्ये माइक बसला. पुढची कित्येक वर्षं बापूंनी उच्चारलेला प्रत्येक ‘गोड’ आणि प्रत्येक ‘कडू’ यंत्राने ऐकला. सेल ओरडतोय आणि बापू ‘गोड’ म्हणतायत, म्हणजे हे ओरडणं खोटं. असं करत करत यंत्र शहाणं झालं. उगाच लागणारे लाल दिवे बंद झाले. पोरांचा त्याच्यावर जीव बसला.

कागदोपत्री त्या यंत्राचं नाव ‘घ्राण’. पण जवान त्याला बापूच म्हणायला लागले. “बापू काय म्हणतोय?” “हिरवा म्हणतोय.” झालं, मास्क काढा. बापू निवृत्त झाले तेव्हा हे यंत्र राज्यातल्या प्रत्येक केंद्रात पोचलं होतं. शाल, श्रीफळ, फेटा, भाषणं सगळं झालं. त्याच वर्षी कस्तुरी भरती झाली आणि तिच्याही छातीवर पेटी आली. “सासरी जायचं सोडून पोरगी बापाला छातीवर घेऊन हिंडतेय,” मंदाबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज सुखाचा होता. बाप घरी सुखरूप, आणि त्याचं नाक लेकीच्या राखणीला. आणखी काय पाहिजे होतं?

*

त्या वर्षी पावसाने मध्येच ओढ दिली. बापूंचा धाकटा भाऊ हरिदास गावाकडची शेती बघायचा. त्याची ज्वारी गुडघाभर होऊन खुरटली आणि त्यात दुपारी दावं तोडून म्हैस शिरली. पोटभर चरली, बांधापर्यंत आली आणि पाय झाडत कोसळली. बापू योगायोगाने तिथेच होते. जनावरांचे डॉक्टर, शेख म्हणून, तालुक्यावरून येईपर्यंत म्हैस संपली होती.

“कोवळी, खुरटलेली ज्वारी खाल्ली, दुसरं काही नाही,” शेख म्हणाले. हरिदासला खात्री पटेना. कुणीतरी विष घातलं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. मग शेखांनी हातमोजे चढवले आणि म्हशीचं पोट उघडलं. “वाकून वास घ्या जरा. लांबूनच. कडू बदामासारखा येतोय ना?”

हरिदास वाकला. “येतोय की. नाकात बसला एकदम.” त्याची बायको तोंडाला पदर लावून मागे सरली. म्हणाली, इथपर्यंत येतोय.

बापू वाकले. त्यांना चघळलेल्या पाल्याचा वास आला, रक्ताचा आला, आंबलेल्या चाऱ्याचा आला. हरिदासच्या हाताला लागलेल्या तंबाखूचासुद्धा आला. बदामाचा आला नाही. ते आणखी खाली वाकले, तसं शेखांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

“मला नाही येत,” बापू म्हणाले.

“असतं तसं काही जणांचं,” शेख म्हणाले. “नाक उत्तम असतं, पण तेवढा एक वास त्यांना नसतोच. जन्मापासून. दहाजणांत एखाद-दुसरा निघतो. त्यांना कळतही नाही, कारण हा वास घ्यायची वेळ कुणावर येते?”

“कशाचा वास आहे हा?”

“सायनाइडचा. खुरटलेल्या ज्वारीत तयार होतो तो.”

बापू बांधावर बसले. हरिदासला वाटलं, दादाला म्हशीचं वाईट वाटलं. त्याने पाणी आणून दिलं. ते हातात तसंच राहिलं.

घरी येताना त्यांनी ज्वारीचे चार कोंब रुमालात बांधून आणले. मंदाबाईंना म्हणाले, खलबत्त्यात कूट आणि वास घे. त्यांनी कुटलं, नाक जवळ नेलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. “शी, कडवट येतोय. बदाम खवट झाल्यासारखा.” बापूंनी खल नाकाला लावला. नुसतं गवत. त्यांनी डोळे मिटून पुन्हा श्वास घेतला. गवत. मग शेख काय म्हणाले ते त्यांनी सांगितलं. मंदाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं आगवाल्याशी संसार केलेली बाई ती. अॅक्रिलिकच्या धुरात काय असतं हे तिलाही ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “लतीफभाऊजी?”

बापू उठून मोरीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

*

देवस्थळीबाईंना त्यांनी फोन करून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच आल्या. जुन्या सगळ्या आगींच्या नोंदी त्यांनी काढून बघितल्या होत्या.

“सेल खरं ओरडत होता, बापू. अॅक्रिलिकच्या जवळजवळ प्रत्येक आगीत. आम्हीच त्याला गप्प बसायला शिकवलं.”

“आणि तुम्ही तपासलं नाही?”

“बाकी सगळे वायू तपासले. सायनाइड जिवंत माणसाच्या रक्तात टिकत नाही. जवान दवाखान्यात पोचेपर्यंत उतरलेला असतो. म्हणून आम्ही तुमच्यावर...” त्या थांबल्या. “चूक माझी आहे. मी एका माणसावर सगळा भार टाकला.”

यंत्राला पहिल्यापासून पुन्हा शिकवायचं, तर वर्ष तरी जाणार होतं. तोवर सगळ्या पेट्या बंद ठेवा, असं बाईंनी वर लिहून दिलं. वरून विचारणा आली, की पेट्या बंद ठेवल्या तर मास्क कधी काढायचा हे कोण सांगणार? शेवटी पेट्या चालूच राहिल्या आणि एक परिपत्रक निघालं, ‘मास्क शक्यतो काढू नये.’ सरकारी ‘शक्यतो’चं काय होतं, हे सांगायला नको.

मग बापू स्वतःच निघाले. या केंद्रात जा, त्या केंद्रात जा, पोरांना गोळा करून सांग. “बाबांनो, माझं नाक आंधळं आहे. मारणारा वासच मला येत नाही. त्या पेटीत माझंच नाक आहे. हिरव्यावर जाऊ नका.” पोरं ऐकून घेत आणि एकमेकांकडे बघून हसत. एवढा मोठा माणूस, आणि किती साधेपणा, बघा. “बापू, तुमच्या नाकाला नाव ठेवायचा हक्क तुम्हालासुद्धा नाही ओ,” एका केंद्रात एकजण म्हणाला आणि वाकून पाया पडला. मग सगळेच पडले. निघताना कुणीतरी पेढे दिले. बापूंनी तो पुडा गाडीच्या डिकीत टाकला आणि तिथेच रस्त्याच्या कडेला गाडी लावून रडले. इतकी वर्षं त्यांच्या एका शब्दावर माणसं मास्क काढत होती. आता ते पोटतिडकीने सांगत होते, तर त्यांचं कुणी ऐकायला तयार नव्हतं.

कस्तुरीने मात्र पहिल्याच सांगण्यात विश्वास ठेवला. ती जेवत होती. हातातला घास तिने ताटात ठेवला.

“मग लतीफकाकाला कशाने झालं, पप्पा?”

“मला माहीत नाही.”

“माहीत आहे तुम्हाला.”

कस्तुरी हात धुवून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने नेम धरला. पेटी हिरवी असो की लाल, मास्क काढायचा नाही. सिलिंडरची शिट्टी वाजली की बाहेर यायचं, नवा सिलिंडर लावायचा, पुन्हा आत. बाकीच्यांना तिच्यामुळे ताटकळावं लागे. “बापूच्या पोरीचाच बापूवर भरवसा नाही,” असं बोललं जाऊ लागलं. ती ऐकून घ्यायची. बाप खोटारडा नाही, आंधळा आहे, हे ती कुणाकुणाला समजावणार?

बापूंनाही चैन नव्हतं. बंबाची घंटा वाजली की ते स्कूटर काढायचे आणि आगीच्या जागी जाऊन गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीपाशी उभे राहायचे. आपण तिथे काय करणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण घरी बसवत नसे.

*

जुन्या सूतगिरणीचं गोदाम भर दुपारी पेटलं. बापू पोचले तेव्हा ज्वाळा खाली बसल्या होत्या आणि आत गठ्ठे धुपत होते. केंद्राचे अधिकारी बिराजदार पडदा समोर ठेवून उभे होते. पडद्यावर सगळे दिवे हिरवे.

बापूंच्या नाकाने सवयीने काम सुरू केलं. जळका कापूस. जुन्या चादरींचा, खळ लावलेल्या सुताचा. त्याखाली लाकूड, थोडं वंगण. बस्स. लहानपणापासून ओळखीचा धूर. पण गिरणीवाल्यांनी मधल्या काळात मागची बाजू ब्लँकेटवाल्यांना भाड्याने दिली होती, असं कुणीतरी म्हणत होतं. दुसरा म्हणत होता, छे, तो माल कधीच उचलला.

कस्तुरीचं पथक आत होतं. एकेकाच्या सिलिंडरची शिट्टी वाजायला लागली. हवा संपत आल्याची खूण. जादा सिलिंडरांची गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती, ती परत यायला निघाली होती. कस्तुरी धावत दारापर्यंत आली, तिच्यामागे बाकीची पोरं. मास्कमधून तिचा आवाज घुमत होता.

“साहेब, मागच्या भिंतीकडे काहीतरी वाजतंय. पत्र्यावर ठोकल्यासारखं. आत माणूस आहे.”

“नक्की?”

“ऐकलंय मी. पण शिट्टी वाजली सगळ्यांची. एवढ्या हवेत पोचणार नाही.”

“बापू हिरवा म्हणतोय,” बिराजदार पडद्याकडे बघत म्हणाले. “मास्क काढा आणि शिरा.”

पोरांचे हात मास्ककडे गेले. कस्तुरीचा हातही गेला, पण पट्ट्यावरच थांबला. आत कुणीतरी ठोकत होतं आणि ती नुसती उभी राहू शकत नव्हती. तिने दोरीकडे पाहिलं. बाप तिथे होता. मग सगळ्यांनीच तिकडे पाहिलं.

“बापू, तुम्हीच सांगा,” बिराजदार म्हणाले. जुना रिवाज. शेवटचा शब्द त्यांचा.

बापू दोरीखालून वाकून दारापाशी आले आणि त्यांनी श्वास घेतला. नाक म्हणत होतं, कापूस. स्वच्छ, ठाम, कापूस. पण लतीफच्या दिवशीही हे नाक असंच ठाम बोललं होतं. मागे अॅक्रिलिक असलं, तर हे नाक गप्पच बसणार होतं आणि ती पेटीही, कारण ती याच नाकाची शिष्या. आणि समोर कस्तुरी उभी होती, हात मास्कच्या पट्ट्यावर ठेवून. लतीफ असाच उभा होता. बापूंना त्या क्षणी गोदाम दिसलं नाही, आत ठोकणारा दिसला नाही. लेकीचा तो हात तेवढा दिसला.

“कडू,” ते म्हणाले.

“वास येतोय?”

“येतोय. कडक येतोय. सगळे बाहेर या.”

आंधळ्या नाकाची गोष्ट इतके दिवस सांगूनही कुणाला पटली नव्हती. हा शब्द मात्र सगळ्यांना तत्क्षणी पटला. पोरांनी मास्क घट्ट केले आणि ती बाहेर आली. कस्तुरीही आली. बापाकडे बघत, मागे वळून वळून बघत, पण आली.

आतलं ठोकणं थोडा वेळ ऐकू येत राहिलं. कस्तुरी कंपाउंडच्या फाटकात उभी राहून गाडीची वाट बघत होती. गाडी आली, सिलिंडर चढले, पथक दारात पोचलं आणि मागची भिंत बसली. पाण्याने फुगलेल्या गठ्ठ्यांचा भार तिला पेलला नाही.

अंबिका म्हेत्रे नाव तिचं. चिंध्या निवडायच्या कामाला होती. जेवण झाल्यावर गठ्ठ्यांच्या आडोशाला जरा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा वाट बंद झाली होती. ओला पदर तोंडाला बांधलेला होता. हातात जेवणाच्या डब्याचं झाकण होतं. त्यानेच ती पत्रा वाजवत होती.

*

देवस्थळीबाई चार दिवसांनी आल्या. शवतपासणीचा निकाल त्यांनी खालच्या आवाजात सांगितला. मेलेल्या माणसाच्या रक्तात सायनाइड काही दिवस राहतो, पण अंबिकाच्या रक्तात तो नव्हता. धूर थोडा गेला होता, जीव जाण्याइतका नाही. भिंत पडेपर्यंत ती धडधाकट होती. सेलच्या मूळ नोंदीतही काही नाही. गोदामात नुसता कापूस होता.

“यंत्र त्या दिवशी बरोबर होतं, बापू.”

“मीही बरोबर होतो,” बापू म्हणाले. “नाकाने कापूसच सांगितला होता.”

जाताना बाईंनी विचारलं, “तुमचा तो ‘कडू’ साहेबांच्या पडद्याच्या माइकमधून यंत्राने ऐकलाय. साठवलाय. त्याचं काय करू?”

“काढून टाका. माझा एकही शब्द त्यात ठेवू नका. चांगला नको नि वाईट नको.”

केंद्रातली पोरं मात्र येऊन पाया पडून गेली होती. बापूंनी वेळेवर ओळखलं, नाहीतर आपणही गेलो असतो, असं ती ज्याला त्याला सांगत होती. बिराजदारांनी पुन्हा सत्काराचं काढलं, तेव्हा मंदाबाईंनीच त्यांना दारातून परत पाठवलं.

कस्तुरी त्या दिवसापासून बापाशी बोलली नव्हती. बाई गेल्यावर ती ओसरीवर येऊन बसली.

“वास आला होता, पप्पा?”

“कापसाचा आला होता.”

“मग?”

“तू आत जाणार होतीस.”

कस्तुरीने मान खाली घातली. “मला ठाऊक होतं, तुम्हाला तो वास येत नाही. तिथे एवढी माणसं होती, त्यात हे खरं मानणारी मी एकटी. कडक येतोय म्हणालात तेव्हाच कळलं मला, की तुम्ही खोटं बोलताय. तरी पाय बाहेर वळले. बरं वाटलं मला तेव्हा, माहीतेय? बाहेर ये म्हणालात म्हणून बरं वाटलं.” ती रडली नाही. बापूंना वाटलं, ती रडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. पायजमा-सदरा घातलेला, डोक्याचे केस काढलेला एक माणूस आत आला. दारात चपला काढून उभा राहिला. सिद्राम म्हेत्रे, अंबिकाचा नवरा. मंदाबाईंनी त्याला पाणी दिलं. तो पायरीवरच टेकला.

“भांडायला नाही आलो,” तो म्हणाला. “तुम्ही एवढी पोरं वाचवली, सगळं गाव म्हणतंय. माझं एक विचारायचं होतं. तुम्हाला हवेतलं कळतं म्हणून आलो. दुसरं कोण सांगणार?”

“विचारा.”

“आतली हवा लई कडू होती का ओ? तिला लई तरास झाला असंल का?”

कस्तुरीने बापाकडे पाहिलं. सोपं उत्तर तयार होतं. कडू होती म्हटलं असतं, तर त्या माणसाला वाटलं असतं की आपल्या बायकोला कुणीच वाचवू शकलं नसतं. त्या उत्तरावर त्याचंही आयुष्य निभावून गेलं असतं.

“नाही,” बापू म्हणाले. “हवा गोड होती.”

सिद्रामच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “मग बरं झालं,” तो म्हणाला. “गुदमरली नाही म्हणायची. तेवढंच मनाला लागून राहिलं होतं.” त्याने हात जोडले, उठला आणि चपलेत पाय घालायला लागला.

त्याला काहीच कळलं नव्हतं. तो असाच गेला असता, तर कुणालाच कधी कळलं नसतं. मंदाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. कस्तुरी बापावरची नजर हलवत नव्हती.

“सिद्राम,” बापूंनी हाक मारली. “चपला काढा. बसा. माझं सांगून झालेलं नाही.”